"गरज पडल्यास परत या" : कळा येत असताना घरी पाठवलं, तर कागदावर काय असायला हवं?

पहाटवारा

हा धागा काढायचा काढायचा म्हणत चार महिने गेले. आज बाळ दुपारी सलग झोपलंय, तर लिहूनच टाकते.

माझं हे दुसरं बाळंतपण. एकोणचाळीस आठवडे पूर्ण झाले होते. मध्यरात्रीनंतर पोट कडक व्हायला लागलं, आणि एक वाजल्यापासून मी मोबाइलवर वेळा टिपायला लागले. ती नोंद अजून आहे माझ्याकडे : १:०२, १:०९, १:१५, १:२२, १:२८. दवाखान्यात पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. सिस्टरनी पोटाला पट्टे लावून वीस मिनिटं बाळाचे ठोके बघितले. ठोके उत्तम होते. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय ते आतून तपासलं आणि म्हणाल्या, "तीन सेंटीमीटर आहे. अजून पुष्कळ वेळ आहे. घरी जाऊन झोपा."

सव्वादोनला आम्ही बाहेर. घर तिथून चाळीस मिनिटांवर. हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

वाटेत कळा वाढल्या. नवऱ्याने दोनदा विचारलं, "वळवू का गाडी?" दोन्ही वेळा मी नको म्हटलं, कारण परत गेलो आणि परत "वेळ आहे" म्हणाले तर फार ओशाळवाणं होईल असं वाटत होतं. हातात दवाखान्याचा कागद होता. त्यावर सहा शब्द : "खोट्या कळा. गरज पडल्यास परत या." मी गाडीतल्या दिव्यात तो कागद तीन वेळा वाचला. गरज म्हणजे नक्की काय? हीच का ती? की याहून जास्त दुखायला हवं?

घरी पोचलो आणि दारातच पाणी गेलं. तसेच उलटे फिरलो. चार वाजून दोन मिनिटांनी मुलगी झाली, गाडीच्या मागच्या सीटवर, दवाखान्याचं फाटक समोर दिसत असताना. नवऱ्याने अंगातला शर्ट काढून तिला गुंडाळलं. ती लगेच रडली. अंग गार पडलं होतं म्हणून काही तास तिला उबेखाली ठेवलं. आज दोघी ठणठणीत आहोत.

मला कुणावर राग काढायचा नाही. तपासणी प्रेमाने झाली होती. पण त्या सहा शब्दांनी सगळा निर्णय माझ्या गळ्यात घातला आणि निर्णय घ्यायला लागणारं काहीच हातात दिलं नाही. कळा येत असलेल्या बाईला घरी पाठवायचंच असेल, तर ते कसं पाठवावं? इथे डॉक्टर, सिस्टर, आया बऱ्याच जणी आहेत. मोकळेपणाने लिहा.

निळी_वही

बापरे. वाचताना हात गार पडले. लेकीला खूप खूप आशीर्वाद. सविस्तर लिहिते संध्याकाळी.

रातपाळी

पहाटवारा ताई, आधी तुम्हाला आणि बाळाला जपा. मी लेबर रूममध्ये चौदा वर्षं सिस्टर आहे, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. त्यामुळे पलीकडच्या बाजूने लिहिते.

घरी पाठवणं हे मुळात चुकीचं नसतं. कळांचा सुरुवातीचा टप्पा फार लांबू शकतो. पिशवीचं तोंड हळूहळू मऊ होतं, पातळ होतं, थोडं उघडतं. यात कुणाचे चार तास जातात, कुणाचा अख्खा दिवस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितलं की जोराचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरावा, आणि त्याआधीचा टप्पा किती चालेल याचं काही ठरलेलं माप नाही, हे बाईला सांगावं. फार लवकर दाखल केलं की पलंगावर पडून राहणं होतं, मग "पुढे का सरकत नाही" म्हणून सलाइनमधून कळांचं औषध, मग पुढचं सगळं. ज्या बाईचं सगळं ठीक आहे, तिला या टप्प्यात स्वतःच्या घरी, स्वतःच्या उशीवर जास्त बरं वाटतं. हे मी रोज बघते.

पण तुमच्या बाबतीत दोन गोष्टी राहिल्या, आणि त्या राहायला नको होत्या.

एक, दुसरी तपासणी. तीन सेंटीमीटर हा आकडा एकटा असेल तर मला त्यातून काही कळत नाही. दुसऱ्या खेपेची बाई तीन सेंटीमीटरवर आठवडाभर हिंडूफिरू शकते, आणि तीच बाई तीनवरून दोन तासांत मोकळीही होऊ शकते. म्हणून तिला तास-दोन तास थांबवायचं, चालू द्यायचं, पाणी प्यायला द्यायचं आणि शक्यतो त्याच हातांनी पुन्हा तपासायचं. माझी दोन बोटं आणि दुसरीची दोन बोटं यांत अर्धा-एक सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. तीनचं तीनच राहिलं आणि कळा विरळ झाल्या, तर घरी. तीनचं चार झालं, तर ती कुठेही जात नाही.

दुसरी, हात. यंत्राचे पट्टे कळ किती वेळाने आली ते दाखवतात, तिचा जोर नीट दाखवत नाहीत. मला माझ्या मोठ्या सिस्टरनी शिकवलं होतं : पोटाच्या वरच्या भागावर तळवा ठेव आणि दहा मिनिटं हलू नकोस. कळेच्या वेळी पोट नाकाच्या शेंड्याइतकं दबत असेल तर हलकी, हनुवटीसारखं लागलं तर मध्यम, कपाळासारखं टणक लागलं तर जोराची. आजही प्रत्येकीला असंच बघते. कपाळासारखं लागलं की माझा हात तिच्या डिस्चार्जच्या कागदाकडे जात नाही, सेंटीमीटर काहीही असो.

स्टेथो

रातपाळी सिस्टरांच्या पोस्टला अनुमोदन. मी प्रसूतितज्ज्ञ आहे. थोडी भर घालतो.

'खोट्या कळा' हा शब्द आपण फार सैल वापरतो. पोट अधूनमधून कडक होऊन सुटतं, त्याचं वर्णन जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरने १८७२ मध्ये केलं, आणि तेव्हापासून त्याचं नाव त्या कळांना चिकटलं. पण 'सुरुवातीच्या टप्प्यातल्या खऱ्या कळा' आणि 'खोट्या कळा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताईंच्या कागदावर पहिलीच्या जागी दुसरी लिहिली गेली. कागदावर 'खोट्या' वाचलं की पुढची प्रत्येक कळ बाईला खोटी वाटायला लागते. मग ती गाडी वळवत नाही.

शिवाय कुठल्या आकड्याला 'सुरुवात' म्हणायचं, हेही बदलत आलंय. १९५० च्या दशकात इमॅन्युएल फ्रीडमन यांनी प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख मांडला, आणि पुढच्या कित्येक पिढ्या डॉक्टर तीन-चार सेंटीमीटरपासून जोराचा टप्पा धरत आले. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी तो सहावर नेला. सिस्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेचा पाचचा आकडा वर दिलाच आहे. हे बदल विनाकारण होणारी सिझेरियन टाळायला झाले आणि ते योग्यच आहेत. पण 'सहाच्या आत आहे, म्हणजे अजून कळा नाहीतच' असा त्याचा उलटा अर्थ काढला जातो, तो धोक्याचा आहे. आकडा दाखल कधी करावं हे ठरवायला मदत करतो. बाई सुरक्षित घरी जाऊ शकते का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यासाठी आकडा पुरत नाही.

कायद्याच्या भाषेत हे फार नेमकं लिहिलेलं मी एका ठिकाणी वाचलंय. अमेरिकेत १९८६ मध्ये 'एम्टाला' नावाचा कायदा झाला. तातडीच्या रुग्णाला तपासल्याशिवाय आणि स्थिर केल्याशिवाय परत पाठवायचं नाही, हा त्याचा गाभा. त्याच्या नियमांत प्रसूतीची व्याख्या सुरुवातीच्या टप्प्यापासून वार बाहेर पडेपर्यंत अशी केली आहे. आणि पुढे म्हटलंय की जिला कळा येत आहेत ती खऱ्या प्रसूतीतच आहे असं धरायचं, जोपर्यंत डॉक्टर किंवा अधिकृत सुईण पुरेसा वेळ निरीक्षण करून 'या खोट्या कळा आहेत' असं प्रमाणित करत नाही तोपर्यंत. म्हणजे सिद्ध करायचं ओझं तपासणाऱ्यावर, बाईवर नाही. 'पुरेसा वेळ निरीक्षण' हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. वीस मिनिटांच्या पट्टीने बाळ आत्ता ठीक आहे एवढं कळतं. कळा कुठे चालल्यात ते कळायला वेळच द्यावा लागतो.

सरळरेष

मी रुग्णालयाच्या व्यवस्थापनात काम करतो, म्हणून थोडी वेगळी बाजू. पहाटवारा यांच्यावर जे गुजरलं ते वाईटच. पण प्रत्येकीला दोन तास थांबवायचं कुठे? लेबर रूममध्ये पाच पलंग असतात आणि एका रात्री नऊ जणी येतात. सुरुवातीच्या टप्प्यातलीने पलंग अडवला तर आठ सेंटीमीटरवर आलेली कुठे जाणार? सिस्टर दोन, डॉक्टर एक. कागद छान करणं सोपं आहे, तो भरायला माणूस लागतो.

पहाटवारा

सरळरेष, तुमचं म्हणणं पटतं, आणि मी दाखल करा असं म्हणतच नाहीये. मला पलंग नको होता. बाहेरच्या बाकावर दोन तास बसले असते, व्हरांड्यात फेऱ्या मारल्या असत्या. "घर लांब आहे का? मग इथेच थांबा, साडेचारला पुन्हा बघू" एवढं एक वाक्य हवं होतं. त्याला पलंग लागत नाही.

रातपाळी

सरळरेष दादा, नऊ बायकांची रात्र मीही काढली आहे, म्हणून सांगते. घाईने घरी पाठवलेली बाई दोन तासांनी परत येते तेव्हा ती गाडीतून अर्धी मोकळी होऊन येते, आणि मग दोन्ही सिस्टर, डॉक्टर, बाळाचे डॉक्टर सगळे फाटकाकडे धावतात. आत बाकीच्या आठ जणी एकट्या. ते पाच मिनिटांचं बोलणं वाचवून आपण काही वाचवत नाही.

आणि आलेल्या प्रत्येकीला रांगेने न बघता आधी पटकन वर्गवारी करण्याच्या पद्धती आहेत. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला गरोदर बायकांसाठी अशी एक पद्धत बसवली. बाई आल्यापासून पंधरा मिनिटांत पहिली पाहणी, मग तक्रारीप्रमाणे कुणाला लगेच, कुणी थोडं थांबलं तरी चालेल, हे रंगांनी ठरतं. अशी वर्गवारी असली की बाकावर थांबलेलीवरही कुणाची तरी नजर राहते.

सरळरेष

बाकाचा मुद्दा मान्य. आमच्याकडे थांबायची जागा आहे, पण तिथे कुणाला थांबवलंय याची नोंदच होत नाही. उद्या बोलतो मी यावर.

निळी_वही

काल म्हटलं तसं लिहिते. माझा अनुभव उलटा आहे, आणि तो मुद्दाम सांगावासा वाटतो, कारण घरी पाठवणं चांगलंही असू शकतं.

मी पहिलटकरीण. दर आठ मिनिटांनी कळा, घाबरून पळत गेले. तोंड दोन सेंटीमीटर. तिथल्या सिस्टर माझ्याशेजारी स्टुलावर बसल्या. उभ्या राहून बोलल्या नाहीत, हे मला अजून आठवतं. दीड तासाने पुन्हा तपासलं, दोनच. मग त्यांनी माझ्या आईला आणि नवऱ्यालाही आत बोलावलं आणि तिघांना एकत्र सांगितलं. कळा पाच मिनिटांवर आल्या, प्रत्येक कळ मिनिटभर टिकली आणि असं तासभर चाललं की निघा. पाणी गेलं तर कळा असोत नसोत निघा, आणि पाण्याचा रंग बघा. हिरवट किंवा तपकिरी असेल तर सांगा. पाळीसारखं रक्त जायला लागलं, बाळ नेहमीपेक्षा कमी हललं, डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, ताप आला, तर कळांची वाट बघायचीच नाही. "आणि यातलं काहीच नसलं, पण तुम्हाला आतून वाटलं की काहीतरी बिनसलंय, तरी या. दहा वेळा या. दहाव्यांदाही मी अशीच बसेन."

मग म्हणाल्या, आता तुम्ही मला सांगा, कधी यायचं? मी सांगितलं, रक्ताचं विसरले. नवऱ्याने आठवण केली. तेव्हाच त्यांनी सही केली.

घरी जाऊन गरम पाण्याने अंघोळ केली, झोपले, जेवले. अकरा तासांनी गेले तेव्हा सहा सेंटीमीटर. त्या अकरा तासांत मला एकदाही भीती वाटली नाही. पहाटवारा, तुझी पोस्ट वाचली आणि कळलं की ती न वाटलेली भीती कुणीतरी मला मेहनत घेऊन दिलेली होती.

रातपाळी

निळी_वही, त्या सिस्टरना माझा नमस्कार. "आता तुम्ही मला सांगा" हे सगळ्यात मोठं.

फक्त एक भर. पाच मिनिटं, एक मिनिट, एक तास हे गणित पहिलटकरणीसाठी ठीक. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एवढं थांबू नये, कळा नियमित व्हायला लागल्या की निघावं. आधीचं बाळंतपण झटपट झालं असेल, आधीचं सिझेरियन असेल, जुळं असेल, बाळ आडवं किंवा पायाळू असेल, तर हे गणित तिच्यासाठी नाहीच. तिला कधी यायचं ते तिच्या नावाने, तिच्या कागदावर वेगळं लिहावं लागतं. आणि प्रवासाचा वेळ. चाळीस मिनिटं लांब राहणारीला आणि पाच मिनिटांवर राहणारीला एकच सूचना कशी चालेल?

कमी_दिवसांची_आई

माझं थोडं वेगळं आहे, पण इथेच लिहिते.

एकतीस आठवडे झाले होते. कंबर दुखत होती. दुखायची, थांबायची, परत दुखायची. पोट दुखत नव्हतं, म्हणून 'कळा' हा शब्द माझ्या डोक्यातच आला नाही. मी कंबर म्हणाले, त्यांनी कंबर ऐकली. लघवी तपासली, स्नायू आखडलाय म्हणाले, शेकायला सांगितलं आणि घरी पाठवलं. दुखणं येऊन-जाऊन आहे का, किती मिनिटांनी येतं, हे कुणी विचारलं नाही. आतून तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा चार सेंटीमीटर. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून दोन इंजेक्शनं देतात, चोवीस तासांच्या अंतराने. मला पहिलं मिळालं, दुसऱ्याची वेळ आलीच नाही. पाच तासांत मुलगा झाला. पाच आठवडे काचेच्या पेटीत होता. आता तीन वर्षांचा आहे, पळतो, भांडतो.

आदल्या दिवशी ठेवून घेतलं असतं तर बाळंतपण थांबलं असतं असं मी म्हणत नाही. पण ते चोवीस तास मिळाले असते. मला फक्त त्या चोवीस तासांचं वाईट वाटतं.

स्टेथो

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. सदतीस आठवड्यांच्या आतली बाई आली तर सगळा हिशोबच बदलतो, आणि या धाग्यावर ते स्पष्ट असायला हवं.

दिवस भरलेलीला घरी पाठवण्यात चूक झाली तर बहुतेक वेळा बाळ वाटेत होतं. दिवस न भरलेलीला पाठवण्यात चूक झाली तर उपचाराची वेळ हातची जाते. चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या मधे बाळंतपण जवळ दिसत असेल तर तुम्ही सांगितलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं, बत्तीसच्या आत असेल तर बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट, आणि नवजात अतिदक्षता विभाग नसेल तर बाळ पोटात असतानाच मोठ्या ठिकाणी हलवणं. यातल्या प्रत्येक गोष्टीला तास लागतात. म्हणून इथे घरी पाठवण्याआधी जास्त खात्री करावी लागते. सोनोग्राफीने पिशवीच्या तोंडाची लांबी मोजता येते. योनीमार्गातल्या स्रावाची फायब्रोनेक्टिनची चाचणी आहे. ती नकारार्थी आली तर पुढच्या आठवड्याभरात बाळंतपण होण्याची शक्यता बरीच कमी असते, आणि मग निर्धास्तपणे घरी पाठवता येतं.

लघवीतला जंतुसंसर्ग सापडला तरी तपास तिथेच थांबवू नये. तो स्वतःच कळा सुरू करू शकतो.

आणि येऊन-जाऊन कंबर दुखणं, खाली जड वाटणं, पाळीसारखं ओटीपोट दुखणं, स्राव अचानक वाढणं किंवा पाण्यासारखा होणं, हे सगळं सदतीस आठवड्यांच्या आत कळांच्या बरोबरीचं धरायचं. बाईने 'कळा' हा शब्द उच्चारण्याची वाट बघायची नाही.

मूकवाचक

मी इथे कधी लिहीत नाही. पण 'कंबर म्हणाले, त्यांनी कंबर ऐकली' वाचून राहवलं नाही.

मी दुखलं की गप्प होते. लहानपणापासून तशीच. लेबर रूममध्ये शेजारची बाई ओरडत होती, मी भिंतीकडे बघत श्वास मोजत होते. मला म्हणाल्या, तुम्ही तर छान बोलताय, अजून कळा नाहीत खऱ्या. मी दोन कळांच्या मधे बोलत होते. कळ आली की माझं वाक्य अर्धवट तुटत होतं, ते कुणी बघितलं नाही. मला घरी पाठवायला निघाले होते. माझ्या सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा बघा, मग जाऊ." पुन्हा बघितलं तर सात.

ज्यांच्यासोबत कुणी उभं राहत नाही त्यांचं काय होत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

रातपाळी

मूकवाचक ताई, तुमचं वाक्य आमच्या नव्या मुलींना शिकवते आता. कळ चालू असताना बाईला प्रश्न विचारायचा आणि वाक्य पूर्ण होतं का ते बघायचं. ओरडण्यावरून काहीही ठरवायचं नाही. काही जणी सातला हसतात, काही दोनला रडतात, दोन्ही खरंच असतं.

गाडीवान

मी एक बाप आहे, पुढच्या महिन्यात आमचं पहिलं. हा धागा बायकोला दाखवला नाही, घाबरेल. पण मला विचारायचंय, समजा वाटेतच झालं तर मी नक्की काय करायचं? पहाटवारा ताईंच्या नवऱ्याला कसं सुचलं?

पहाटवारा

त्याला काही सुचलं नव्हतं हो, हातात आलं ते केलं. सिस्टर सांगतील नीट.

रातपाळी

दादा, दाखवा बायकोला. माहीत असलं की भीती कमीच होते.

तिला खाली जोर द्यावासा वाटतोय, शौचाला लागल्यासारखं होतंय, असं ती म्हणाली की गाडी बाजूला घ्या, थांबवा आणि रुग्णवाहिकेला फोन लावा. फोन स्पीकरवर ठेवा, पलीकडचा माणूस सांगत राहतो. बाळ येत असेल तर पाय जवळ धरून अडवू नका, ओढूही नका. डोकं येईल तेव्हा तळव्याने हलकेच आधार द्या, ते फटकन बाहेर येऊ देऊ नका. नाळ मानेभोवती सैल असेल तर डोक्यावरून अलगद काढा. बाळ ओलं आणि निसरडं असतं, दोन्ही हातांनी धरा. लगेच कोरड्या कपड्याने पुसा, पाठ चोळा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि दोघांना मिळून झाका. डोकंही झाका. गार पडणं हा बाळाला तिथला सगळ्यात मोठा धोका असतो. नाळ कापायची नाही. वार ओढायची नाही, आपोआप आली तर बाळाजवळच ठेवा. आईला खूप रक्त जात असेल तर फोनवर लगेच सांगा.

एकच प्रसंग वेगळा. पाणी गेल्यावर बाळाआधी नाळेचा वेढा बाहेर दिसला किंवा हाताला लागला, तर तिला गुडघे आणि छातीवर ओणवं करा, डोकं खाली, कंबर वर. नाळेला हात लावू नका, आणि त्याच क्षणी फोन.

गाडीत दोन टॉवेल, एक चादर आणि चार्ज केलेला फोन ठेवा. बहुतेक काही लागणार नाही.

गाडीवान

वाचून दाखवलं. ती म्हणाली, टॉवेल तीन ठेव. आभारी आहे सिस्टर.

पहाटवारा

पंधरा दिवसांनी धागा वर काढतेय. राग काढायचा नाही असं म्हटलं होतं, पण गप्पही बसवेना. तुमच्या सगळ्यांच्या पोस्ट एका कागदावर उतरवल्या आणि जिथे माझं झालं होतं तिथल्या मेट्रनना भेटायला गेले. मला वाटलं होतं दहा मिनिटांत वाटेला लावतील. तासभर बसल्या. माझी त्या रात्रीची फाइल काढली. कळांची वेळ नोंदली होती, जोर नोंदला नव्हता. दुसऱ्या तपासणीचा रकाना फाइलमध्ये होता, कोरा. घराचं अंतर लिहायला रकानाच नव्हता.

त्यांनी स्वतःच पेन घेतलं. आता नवा कागद असा झालाय : वरती आल्याची वेळ, पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीची वेळ आणि काय सापडलं, कळांचं अंतर आणि जोर, ठोके, रक्तदाब, ताप, पाणी गेलंय का, रक्त जातंय का. 'खोट्या कळा' काढून टाकलं, त्याऐवजी 'सुरुवातीचा टप्पा' किंवा 'सध्या प्रसूतीची चिन्हं नाहीत', यांपैकी एक. घरी पोचायला किती वेळ, कोण सोबत आहे, गाडी आहे का. अर्ध्या तासाहून लांब घर असेल तर दुसऱ्या तपासणीशिवाय सोडायचं नाही. खाली निळी_वहीच्या सिस्टरनी सांगितली तशी परत यायची कारणं, मोठ्या अक्षरात. सगळ्यात शेवटी एक ओळ : 'वरील माहिती मी माझ्या शब्दांत सांगितली', आणि तिथे बाईची सही, डॉक्टरांची नाही.

सदतीस आठवड्यांच्या आतल्यांसाठी कागद वेगळ्या रंगाचा. हे कमी_दिवसांची_आई, तुमच्यामुळे.

कमी_दिवसांची_आई

थांबून थांबून वाचलं. खूप बरं वाटलं.

स्टेथो

उत्तम. एक सुचवतो : 'परत आल्यास पुन्हा पूर्ण तपासणी' हेही छापा. दुसऱ्यांदा आलेल्या बाईकडे 'ही मघाचीच' म्हणून बघितलं जातं. तिला नवीन आलेली समजूनच तपासायला हवं.

रातपाळी

ताई, डोळे भरून आले. पण एक विचारते, फोन नंबर कुठला छापलाय? बहुतेक ठिकाणी स्वागतकक्षाचा असतो आणि रात्री तिथे कुणी नसतं. बाई फोन लावते, वाजत राहतो, मग ती ठरवते की एवढं काही नसेल.

पहाटवारा

अगदी बरोबर पकडलंत. स्वागतकक्षाचाच होता. मेट्रनना फोन केला, त्यांनी लेबर रूमचा थेट नंबर टाकायला सांगितला. बदललेला कागद काल आला.

आज पहाटे अडीचला बाळ दुधासाठी उठलं, तेव्हा मी तो नंबर लावून बघितला. चौथ्या रिंगला उचलला. मागून एक बाळ रडताना ऐकू येत होतं. पलीकडून म्हणाल्या, "लेबर रूम. बोला, किती मिनिटांनी येतायत?"